पाटी खालच्या बाजूनं

महिनाभर मला धड झोप नव्हती. कारण सांगितलं तर हसाल. आमच्या कॉलेजचा छोटा उपग्रह रॉकेटवर बसून वर जायचा होता आणि त्याची काळजी करायला अख्खा विभाग होता. मला काळजी होती आमच्या गच्चीवरच्या लाल सतरंजीची!

तशी आमच्या स्टाफरूममध्ये किस्स्यांची कमी कधीच नव्हती. जुन्या उत्तरपत्रिकांसारखे ते कपाटावर साठत जातात. कुणी मागत नाही आणि टाकूनही देत नाही. पण धाराशिवच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात उपग्रह आला आणि कपाट वाकायला लागलं.

*

सतरंजीचं आधी सांगते. मी पोळ्या लाटत होते. पाच वर्षांच्या आमच्या जुईनं विचारलं, "आई, तुझा उपग्रह वर जाऊन काय करणार?"

"जमिनीचे फोटो काढणार. शेतं, तळी, असं सगळं."

"आपल्या घराचा पण?"

तवा तापला होता. मी म्हटलं, "हो."

आमच्या कॅमेऱ्याच्या एका ठिपक्यात आमचं घर, शेजारचं घर आणि मधला बोळ एवढं सगळं मावतं. हे मला पक्कं माहीत होतं, कॅमेऱ्याचं काम माझ्याकडंच होतं ना! तरी म्हटलं, हो. पोळी उलटेपर्यंत जुई गच्चीवर लाल सतरंजी अंथरून खालीही आली होती. "आता घर ओळखू येईल," म्हणाली.

दुसऱ्याच्या पोरांना अचूक मोजमाप शिकवायचं आणि स्वतःच्या पोरीला थाप मारायची. माझ्यासारखी आई शोधून सापडायची नाही.

*

आमचं रॉकेट हलकं, घन इंधनाचं. स्टाफरूममध्ये मी मोठ्या उत्साहानं समजावून सांगत होते, "द्रव इंधनाचं इंजिन मध्येच बंद करता येतं. घन इंधनाचं तसं नाही. एकदा पेटलं की संपेपर्यंत जळत राहतं. कुणाच्या बापाला थांबवता येत नाही!"

स्टोअर सांभाळणारे शेखचाचा चहा फुंकत ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे आपल्या प्राचार्यांच्या भाषणासारखं. फरक इतकाच, रॉकेट काही मिनिटांत विझतं."

*

पेपरात बातमी आली आणि ईट गावाहून एक काका थेट लॅबमध्ये आले.

"मॅडम, धाकट्या भावानं माझा बांध कोरलाय. दोन हात आत आलाय बघा! तेवढा वरून फोटो काढून द्या, कोर्टात लावतो."

मी त्यांना ठिपक्याचं गणित सांगितलं. दोन हात सोडा, दोनशे हात कोरले तरच काही कळेल.

"मग इतकं वर जाऊन करता काय?" असं म्हणून ते तणतणत गेले.

दुसऱ्या दिवशी धाकटे हजर! हातात सीताफळांची पिशवी. "दादा येऊन गेला म्हणं. बांधाचं खरंच काय दिसत न्हाय?"

"नाही हो."

"अजिबात न्हाय?"

"अजिबात नाही."

पिशवी टेबलावर ठेवत ते म्हणाले, "लई भारी मशीन बनवलंय बघा, मॅडम!"

*

आता पाटी.

आमच्या संस्थेत पाटीशिवाय काही उभं राहत नाही. मुतारीवरसुद्धा 'यांच्या शुभहस्ते' आहे. तेव्हा उपग्रहाला पाटी हवी, हे अध्यक्षसाहेबांच्या दृष्टीनं सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. स्टीलची, चकचकीत. वर साहेबांचं नाव मोठं, खाली अकरा संचालक.

विभागप्रमुख भीतभीत म्हणाले, "साहेब, आतल्या बाजूला चिकटवू या का?"

"आत कोण वाचणार?"

"मग वरच्या बाजूला?"

"वर कुणी राहतं का? माणसं खाली राहतात. पाटी खालच्या बाजूनं पाहिजे!"

खालच्या बाजूला कॅमेरा होता. पाटी त्याच्या शेजारी बसली.

मग वजन भरलं. हलक्या रॉकेटवर ग्रॅमचा हिशेब, त्यात शेजारी आणखी दोघांचे उपग्रह. पाटीमुळं आम्ही ठरलेल्या वजनाच्या वर गेलो. काय काढायचं? बॅटरी काढता येईना, अँटेना काढता येईना. लेन्सवर आडवं ऊन येऊ नये म्हणून मी चार महिने खपून एक काळी टोपी बनवली होती, ती निघाली. कागदावर पाटीचं नाव आम्ही 'बाह्य पॅनेल' असं लिहिलं.

मी बोलायला हवं होतं. पण माझी नोकरी अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर! मी टोपी डब्यात ठेवली आणि सही केली.

शेखचाचांनी टोपी स्टोअरमध्ये जमा करून घेतली. रजिस्टरात 'परत येण्याचे कारण' असा रकाना असतो. त्यात त्यांनी लिहिलं, 'मानपान.'

*

उड्डाणाच्या दिवशी सभागृहात मोठा पडदा लावला. प्राचार्य म्हणाले, "दोनच शब्द बोलतो." उलटी मोजणी सुरू झाली तेव्हा ते कॉलेजच्या स्थापनेपर्यंत आले होते. मागं पडद्यावर ज्वाळा, धूर, रॉकेट ढगाआड! पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

टाळ्या आपल्यालाच समजून प्राचार्यांनी आणखी जोर धरला.

*

पहिला फोटो आला, तो मी घरी जुईसमोरच उघडला. तपकिरी शेतं, तळ्याचा काळसर ठिपका, येडशीकडच्या डोंगराची हिरवी कड. आणि बरोबर धाराशिव शहरावर पांढरी, फुगीर चकाकी. पाटीवरचं ऊन उघड्या लेन्समध्ये शिरलं होतं.

"आपलं घर कुठंय?"

"या पांढऱ्याच्या खाली. अध्यक्ष आजोबांच्या नावाची पाटी लावलीय ना वर, ती चमकली बघ."

पाटी नसती तरी घर दिसलं नसतं, हे मी गिळलं. त्या पाटीचा उपयोग झाला तो एकट्या मला! जुईनं गच्चीवरून सतरंजी आणली आणि घडी घातली.

दोन दिवसांनी सत्कार होता. जुईला घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून ती पहिल्या रांगेत माझ्या मांडीवर. पडद्यावर तोच फोटो. अध्यक्षसाहेबांनी चकाकीकडं बोट दाखवलं. "हे काय?"

"ढग आहे, साहेब," विभागप्रमुख क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. माझ्यासकट सगळ्या विभागानं मान डोलावली.

साहेब खुशीत होते. माईक घेऊन खाली वाकले आणि जुईच्या तोंडासमोर धरला. "काय गं बाळ, आईच्या फोटोत तुमचं घर दिसलं का?"

जुईनं पडद्याकडं नीट बघितलं. मग माईकमध्ये, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"घर न्हाय दिसलं, आजोबा. तुमचं नाव लई मोठ्ठं दिसतंय!"