इनॉक टिपिंगचं वजन

आमच्या क्लेटर टेकडीवर मोटारी चढवायची शर्यत सुरू झाली त्या वर्षापासून इनॉक टिपिंग तिच्यात होता, आणि तेही गाडी चालवता येत नसताना. नियमच तसा होता: गाडीतल्या चारही जागा भरलेल्या हव्यात, आणि जड गाडी लवकर चढली तर गुण जास्त. मग दोनशे ऐंशी पौंडांचा इनॉक कुणाला नको होता? एरवी सायडरच्या घाण्यावर सफरचंदं उपसणाऱ्या या माणसाला त्या दिवशी डॉक्टरांची लेक, मिस लेकन, स्वतः हात देऊन आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवायची. गाव चिडवायचं, "इनॉक, टायरांना विचारलंस का?" तो खूश.

त्याची बायको केझाया लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून द्यायची. शेवटच्या वळणावर ती उभी राहायची आणि नवरा समोरून गेला की पोट धरून हसायची. नाताळात न्यूमोनियानं ती गेली. इनॉक कामावर जात राहिला; जेवतो की नाही, ते आम्ही कुणी पाहिलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

जुलैत शर्यतीच्या सकाळी गाड्या कोळशाच्या वखारीत माझ्या वजनकाट्यावर आल्या. वजन माणसांसकट घ्यायचं. भर उन्हात इनॉक हिवाळ्यातला कोट घालून बसला होता, आणि तो कोट भलताच लोंबत होता. खिसे चाचपले तर आत इस्त्र्या. केझायाच्या, सहा. सुटं लोखंड चालत नाही, म्हणून मी एकेक काढून खाली ठेवली. तो मान खाली घालून म्हणाला, "वजन कमी भरलं तर जागा जाईल रे. तिच्या वळणावरून जायचंय मला."

बाजूला हॉब्स खाटीक तयारच उभा होता, चांगला गलेलठ्ठ. त्याला घेतलं असतं तर चांदीचा चषक मिस लेकनचाच होता. तिनं त्या इस्त्र्यांकडे पाहिलं.

"आहे ते वजन लिहा," ती मला म्हणाली.

वळणावर इनॉकनं टोपी काढली म्हणे. चषक थोडक्यात हुकला. त्यावर वुस्टरच्या कुणा वकिलाचं नाव कोरलं गेलं.

संध्याकाळी तंबूत मिस लेकननं भाजलेलं मांस आणि बटाट्यांनी भरलेलं ताट इनॉकपुढे आणून ठेवलं. "पुढच्या वर्षी मला तो चषक हवाय, टिपिंग. खा."

तो बराच वेळ ताटाकडे बघत बसला. मग खाऊ लागला, आणि बटाटे त्यानं पुन्हा मागून घेतले.