मामाचा दोर आणि समुद्रावरचा पूल

समुद्र पाहायला निघालेला माणूस पिशवीत कपडे भरतो. उमरखेडच्या स्टँडवर मी शंकरमामाची पिशवी उघडून पाहिली, तर आत ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि वीतभर अंबाडीचा दोर.

"हा कायले घेतला?"

"जोडून पाहाले. तिथचा पीळ तसाच हाय का ढिला झाला, समजते."

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, फुलसावंगीचा. शेती कपाशीची, पण नाव दोराचं. अंबाडी नाल्यात भिजवायची, साल सोलून वाळवायची, तीन पदरी दोर वळायचा आणि शेवटच्या गाठीत एक लाल धागा घालायचा, ही त्याची रीत. पोळ्याला निम्म्या गावच्या बैलांना कासरे (हाकायचे दोर) त्याच्याच हातचे.

दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या ओळखीतून कोकणातल्या एका पर्यटनवाल्याचा फोन आला. कड्यापासून समुद्रातल्या खडकापर्यंत झुलता पूल बांधला होता. पोलादी तारा होत्याच, हाताला धरायला मात्र 'अस्सल गावठी दोर' हवा होता. मामानं एकच विचारलं, "पाणी लागन काय त्याले?" मी शाळामास्तर. न आलेल्या प्रश्नाचंही उत्तर देणारी आमची जात. म्हणालो, "पूल वर, पाणी खाली. शिवत नाही." तोवर मीसुद्धा समुद्र पाहिलेला नव्हता.

दोर गेले. पुलाचा फोटो आला. तो मामानं अख्ख्या गावाला दाखवला आणि त्या दिवसापासून त्याचा एकच धोशा, लोक माया दोर धरून चालते ते मले एकडाव पाहाचं हाय.

पुण्यापर्यंत एक एसटी, पुढे दुसरी. ठेच्याचं तेल झिरपून माझा एकुलता पांढरा सदरा लाल झाला आणि मामा त्यावर तासभर हसला. घाट उतरल्यावर त्यानं विडी काढली, तर आगपेटी पेटेना. सहा काड्या वाया गेल्या.

"इथं हवाच ओली हाय बावा," तो म्हणाला. मीही हसलो. एवढी शिकवणी मिळूनही मला काही कळलं नाही, याचा राग अजून जात नाही.

त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जाहिरात त्यांनी भरपूर केली आहे. एका खानावळीत जेवलो. सोलकढी पाहून मामानं विचारलं, "ताक लाल काहून झालं?" वाढणारी बाई गोड हसली आणि तिनं आणखी एक वाटी ओतली. अख्ख्या गावातलं तेवढंच एक माणूस मला आवडलं.

समुद्र सुंदर होता, हे कबूल करतो. कड्याखाली हिरवं पाणी, वर वारा. तिकिटाच्या रांगेला दोराचं कुंपण होतं. त्यावर कुणी ओला टॉवेल टाकलेला, कुणी चिप्सचं पाकीट खोचलेलं. रांगेत मामाचा हात सहज त्या दोरावर पडला आणि तो थांबला. बोटांनी चाचपत तो शेवटच्या गाठीपर्यंत गेला. लाल धागा होता.

"मायाच हाय!" त्याचा चेहरा उजळला. "उरला असन थो इथं बांधला. पुलावर चांगला लावला असन."

पुलावर पिवळं नायलॉन होतं.

दाराशी शिट्टी घेऊन बसलेल्या रखवालदाराला मीच विचारलं. "ते दोर? ते खंय टिकतले? (कुठे टिकणार?) पहिल्याच पावसात बुरशी. खारी हवा ना ही!" तो बिचारा सहज बोलून गेला. पिशवीतला वीतभर दोर मामानं कुंपणाच्या दोराला लावून पाहिला. मग कुंपणाचा दोर चिमटीत दाबला. बोटांवर काळा भुसा आला. तो त्यानं धोतराला पुसला.

मला वाटलं, आता परत फिरेल. पण तो पुलावर चढला. दोन्ही हात पाठीमागे बांधून. पूल हलत होता, खाली लाटा आपटत होत्या आणि मी तर नायलॉनला लटकलोच होतो. रखवालदार शिट्ट्या मारमारून ओरडत होता, "आजोबा, दोर धरा!" मामा खडकापर्यंत गेला आणि तसाच परत आला. हात सुटले नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; त्या दिवशी ते मी पाहिलं आणि मला जराही कौतुक वाटलं नाही. लाज वाटली.

परतीच्या वाटेवर तो खिडकीबाहेर पाहत राहिला. उमरखेडला उतरताना फक्त म्हणाला, "समुद्र मोठा हाय."

पोळ्याच्या आठ दिवस आधी मी फुलसावंगीला गेलो. शेजारचा माणूस कासरे सांगायला आला होता. मामा ओट्यावर रिकाम्या हातानं बसलेला. म्हणाला, "उमरखेडहून नायलॉनचे आण. ते सडत नाही."

"अन् तुम्ही कायले बसले मंग?" शेजाऱ्यानं विचारलं.

'पाणी शिवत नाही' असं मी म्हणालो होतो. त्यानं हे मला आजवर एकदाही ऐकवलेलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. मी गेलो की तो मामीला चहा ठेवायला सांगतो, आणि शाळा कशी चालू आहे ते विचारतो.