मार्क कुणी बदलले

"विद्यापीठाचं नाव बदलायला निघालात. आता मार्क पण बदलायलात का?"

साहेब हे अख्ख्या ऑफिससमोर म्हणाले. माझी पर्स टेबलावर पालथी केली. कंगवा, रेल्वेचा पास, भाकरीचा डबा. डब्याचं झाकण शिपायानं बोटाच्या टोकानं उचकटलं. विटाळ व्हावा तसं.

परभणीच्या एका शिक्षणसंस्थेत नवा कॉम्प्युटर आला होता. निकाल त्यात भरायचं काम माझं. मी पूर्णेहून गाडीनं यायचे. बाप रेल्वेत गँगमन. आमच्या वस्तीनं नामांतरासाठी लाठ्या खाल्लेल्या. मला नोकरी लागली तेव्हा तीच वस्ती स्टेशनवर सोडायला आली होती.

संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या नापास होता. मी स्वतः भरलं होतं. निकाल लागला, तर पास. मशीन सांगत होतं, माझ्या पासवर्डनं बदल झाला.

पासवर्ड म्हणजे आत शिरायचा गुपित शब्द. रुजू झाले त्याच दिवशी साहेबांनी तो मागून घेतला होता. "विश्वासाचा प्रश्न हाय," म्हणाले होते. विश्वास फक्त माझ्याकडूनच मागितला.

मला चौकीत नेलं. जमादारानं विचारलं, "कुलूप तुटलं का?"

"न्हाई," साहेब म्हणाले.

"मग चोरी कशाची?"

"मार्कांची. कॉम्प्युटरमधून."

जमादाराला काही उमगेना. मग त्यानं माझं आडनाव विचारलं. ते ऐकलं आणि त्याला सगळं उमगलं.

मी जमादाराच्या टेबलापुढं सरकले. बोलले, "तो शब्द साहेबांना बी ठाव हाय. आधी त्यांचं नाव लिहा. मग पुतण्याचं. मग माझं."

साहेबांचा चेहरा उतरला. एकदम मऊ झाले. "जाऊ द्या जमादार. पोरगी हाय. माफीच्या चार ओळी लिहून देईल. मिटवू."

मघाशी मी गुन्हेगार होते. आता पोरगी झाले.

"माफी लिहीत न्हाई," मी म्हणाले. "तक्रार लिहा. माझी."

कुणी लिहिली नाही. संध्याकाळी नोकरी गेल्याचं तोंडी सांगितलं. घरी आई म्हणाली, "मोठ्या लोकायच्या नादी लागू नगं."

सकाळी नेहमीची गाडी धरली. सरळ चौकीत जाऊन बाकावर बसले.

जमादार वैतागला. "आज काय?"

"कालचंच. लिहून घेईस्तोवर रोज येणार हाय."