तेरवीचं जेवण

शालिकराम धंतोलीतल्या एका दवाखान्यात ड्रेसर. दिवसभर लोकांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, आणि बुधवारी संध्याकाळी कंबर मोडलेली असताना कुणाच्या तरी घरी शास्त्राभ्यासाला बायबल उघडून बसायचं. चर्चच्या मंडळीचा पंच ना तो! पंचाला शीण येत नाही, असा लोकांचा समज. माणूस पार कंटाळला होता. कामाला नव्हे, स्वतःला.

त्याचं कारण दर बुधवारी दाराजवळ बसायचं. गोपिकाबाई. नरखेडकडच्या हिंदू शेतकरी घरातली बाई, लग्नानंतर ख्रिस्ती झालेली. त्रेसष्ट साली तिची आई गेली. गोपिकाबाई आधीच गावी होती. मंडळीच्या वतीनं सांत्वनाला शालिकराम एसटीनं गेला, तो नेमका तेरवीच्या दिवशी. आग्रह झाला, तो पंगतीत जेवला. मागाहून बायकांच्या पंगतीत ती जेवली. कुणीतरी कागाळी केली. ख्रिस्ती माणसानं हिंदू विधीचं जेवण घेऊ नये, या बाबतीत पंचमंडळी भारी कडक. त्यांनी विचारलं, तेव्हा गोपिकाबाई सरळ म्हणाली, "जेवली. माय होती माही." शालिकराम तिथंच पंचांत बसला होता. त्यानं मूग गिळले.

झालं. बाईला प्रभुभोजनाची बंदी. चर्चमध्ये शेवटचं बाक, आणि त्या भोजनाची भाकर फिरायच्या आधी उठून बाहेर जायचं. चारचौघांत माफी मागितली तर बंदी उठणार होती, पण ती मागेना. आता अकरा वर्षं झाली, बाईचे गुडघे गेले, तरी दर वेळी भिंत धरत बाहेर जाते. पंचच जेवला होता म्हटल्यावर तिला कुणी धरलं असतं का? पण ते एक वाक्य या गड्याच्या तोंडून निघालं नाही. तिनं त्याचं नाव घेतलं नाही, म्हणजे गडबडीत त्याला जेवताना पाहिलंच नसेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

त्या बुधवारी लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय निघाला. नदीकाठी योहान लोकांना खडसावतो, की नुसतं पस्तावलो म्हणू नका, ते वागण्यात दिसू द्या. रिवाजाप्रमाणे एकेकानं एकेक वचन वाचायचं. लोक योहानाला विचारतात, मग आम्ही काय करावं, ते वचन गोपिकाबाईच्या वाट्याला आलं. तिनं अडखळत वाचलं आणि पुस्तक मिटलं.

अर्थ सांगायचा शालिकरामनं. याच उताऱ्यावर पूर्वी त्यानं अर्धा तास बोलून वाहवा मिळवली होती. आज खोटं रेटायचं बळच उरलं नव्हतं.

"मीबी जेवलो होतो," तो म्हणाला. "गोपिकाबाईच्या मायच्या तेरवीले."

घरमालक चंपतराव, तेही पंचच, चष्मा काढून पुसत बसले.

"मले मालूम हाये, भाऊ," गोपिकाबाई म्हणाली. "तुमच्या पानात बुंदी मीच वाढली होती. दोनदा घेतली तुम्ही."

"मंग तवा काहून नाही सांगितलं, बाई?"

"ते तुमचं होतं सांगाचं. मी वाट पाहून राहिली होती."

पंचांची बैठक पुढच्या महिन्यात होती, तोवर बंदी कायम. रविवारी प्रभुभोजनाची वेळ झाली, तेव्हा शालिकराम शेवटच्या बाकावर बसलेला होता. गोपिकाबाई उठली. तोही उठला, तिला हाताला धरलं, आणि तिच्यासोबत बाहेर गेला.