महादेवीच्या मनगटावरची माती

महादेवी गेल्याचा फोन तिच्या मुलीनं, सुमानं केला. “मावशी, आई गेली... झोपेतच.” माझ्या तोंडून आधी निघालं ते “सुटली गं बाई!” मग जीभ चावली. पण खरं तेच होतं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली माझी मैत्रीण शांतपणे गेली, आणि रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. महिना झाला, अजूनही तसंच वाटतंय. तिच्या वाट्याला असे सुटकेचे प्रसंग थोडेच आले. त्यातला एक मी जवळून पाहिला.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. सोलापुरात सात रस्त्याजवळ आमची घरं भिंतीला भिंत लागून. महादेवीचा नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला, तेव्हा ती चोविशीची होती. हातातल्या बांगड्या गेल्या त्या गेल्याच. ती बालवाडीत शिकवायची. तिथली पोरं हात धरून विचारायची, “बाई, तुमच्या हातात काहीच का न्हाय?” एरवी कशाला न डगमगणारी बाई, पण हे सांगताना हात पदराखाली लपवायची. काचेचं नको, सोन्याचं नको, फक्त हात उघडा नको, एवढंच तिला हवं होतं.

एका दुपारी आमच्याकडे मेथी निवडता निवडता ती उठली आणि मुलांच्या मातीकामासाठी कुंभाराकडून आणलेला गोळा घेऊन आली. पोळपाटावर माती लाटली, सुरीनं बोटाच्या पेराएवढ्या चौकोनी वड्या पाडल्या. प्रत्येकीवर मेथीचं कोवळं पान दाबून अलगद उचललं, की तीन दलांचा ठसा शिरांसकट उमटायचा. मी दाभणानं भोकं पाडली. पहिला घाणा आम्ही उतावीळपणे उन्हात वाळवला, तो तडकला. दुसरा सावलीत वाळवून कुंभाराच्या भट्टीत भाजून घेतला आणि त्या लाल वड्या दुहेरी सुतात ओवल्या. आमच्या गावात सुताला काय तोटा!

तिनं ते मनगटावर बांधलं आणि तेवढ्यात तिच्या सासूबाई आमच्या दारात. सगळी गल्ली त्यांना अव्वा म्हणायची आणि वचकूनही असायची.

“हातात काय गं त्ये?”

“माती हाय, अव्वा. बालवाडीतली.”

अव्वांनी तिचा हात डोळ्यांजवळ ओढला. बराच वेळ निरखलं... आणि तो कपाळाला लावला. “बेल हाय की! म्हादेवाचं पान. राहू दे, काढू नगं.”

त्या घरी परतल्यावर आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो. पुढं कुणी बाईनं नाक मुरडलं, की अव्वाच ठणकावायच्या, “देवाचं हाय त्ये.” मग कुणाची बोलायची छाती होत नसे.

महादेवीचं हसू मात्र टिकलं नाही. देवाच्या नावानं म्हातारीला फसवलं, हे तिला आतून खात राहिलं. चार वर्षांनी अव्वा आजारी पडल्या, बऱ्या होण्याची आशा उरली नाही, तेव्हा तिला राहवेना. एका दुपारी ती धावतच आमच्याकडे आली. डोळ्यांना धार लागलेली आणि तरी हसत होती. तिनं अव्वांचे पाय धरून सगळं सांगून टाकलं होतं. त्यावर अव्वा म्हणाल्या होत्या, “आगं, साठ वर्सं मेथी निवडली मी, मला वळकू येत न्हाय व्हय? पर मेथी म्हनले आसते, तर गल्लीनं तुला घालू दिलं आसतं का?”