कोंडवाड्यातल्या बाई

कुणी वाकडं बोललं की बाई भांडत नसत. पदराचं टोक पुढं ओढायच्या, त्याला एक गाठ मारायच्या आणि म्हणायच्या, "असू द्या. गाठ मारून ठेवली." समोरचा हसायचा. मी मनात म्हणायचे, हस बाबा, आता तुझं काही खरं नाही.

गाठ सुटायची ती उट्टं काढल्यावरच. खिचडीसाठी किडके तांदूळ धाडणाऱ्या माणसाला त्यांनी एकदा मोठ्या मानानं शाळेत बोलावलं, लेकरांच्या पंगतीत बसवलं आणि तीच खिचडी वाढली. वर विचारलं, "अजून वाढू का, भाऊजी?" पुढच्या खेपेला तांदूळ चांगला आला आणि गाठ सुटली. तुम्ही म्हणाल, शिक्षिकेला हे शोभतं का. न शोभायला काय झालं?

कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, वाशिम रोडपासून जरा आत आमचं गाव. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, खोल्या दोन आणि शिकवणाऱ्या आम्ही दोघी. त्या मुख्याध्यापिका, मी त्यांच्या हाताखाली. बाईंची नोकरी याच शाळेत सुरू झाली होती. मधे बदल्यांमध्ये सगळा जिल्हा फिरून शेवटची वर्षं काढायला त्या इथंच परत आल्या. त्यामुळे गावातले निम्मे आई-बाप त्यांचेच विद्यार्थी.

वाचन शिकवायची त्यांची एक रीत होती. लेकरानं मांडी घालून बसायचं, मोठ्यानं वाचायचं, आणि पूर्णविराम आला की गुडघ्यावर हलकी थाप मारून श्वास घ्यायचा. "पळू नको. वाक्य संपलं की थांब. कुणी मागं लागलं न्हाई तुझ्या," हे त्या दिवसभर म्हणत. आमच्या गावात चाळिशीतला माणूससुद्धा लग्नपत्रिका वाचताना गुडघ्यावर थाप मारतो. त्याला स्वतःला ते ठाऊकही नसतं.

एकदा प्रशिक्षणात साहेबांनी पडद्यावर अमेरिकेतला वर्ग दाखवला. म्हणाले, "बघा, तिथं मुलं रांगेत बसत नाहीत, गटात बसतात." बाई उठून उभ्या राहिल्या. "आमची बी गटातच बसून राहिली, साहेब. तिसरी आन् चौथी एकाच सतरंजीवर." सगळा हॉल हसला. साहेबही हसले, म्हणून त्यांच्या नावाची गाठ पडली नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले, त्याच्याकडे येते. त्याला गावात भाऊ म्हणतात. तोही लहानपणी बाईंच्याच पुढ्यात अक्षरं गिरवून गेलेला. मेहुणा अमेरिकेत, त्याच्याकडे एक उन्हाळा राहून आला आणि येताच रोडला इंग्रजी शाळा काढली. बोर्डावर लिहिलं, अमेरिकन पद्धतीचे शिक्षण. मेल्यानं जन्मात खडू धरला नाही, पण लोकांनी आपल्याला सर म्हणावं ही हौस भारी.

ग्रामसभेत त्यानं भाषण ठोकलं. "तिकडं पालकाला निवड असते. एक शाळा न्हाई आवडली, दुसरीत घाला. पट कमी झाला की सरळ कुलूप लावून राहिले ते लोक. आन् आपण? आपण तो कोंडवाडा अजून चालू ठेवला."

लोक हसले. बाई बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी पदराला गाठ मारली, ती इतकी करकचून की काठ चुरगळला. परत येताना मी म्हणाले, "तुम्ही बोलल्या काहून नाहीत?" माझं डोकं फिरलेलं होतं.

"कोंडवाडा म्हणला," त्या म्हणाल्या. "म्हंजे मी इतकी वर्षं गुरं राखली म्हणायची."

त्याच्या व्हॅन गावात येऊ लागल्या आणि आमचा पट उतरत गेला. मग कानावर आलं, शाळा बंद करून मुलं रोडपलीकडच्या मोठ्या शाळेत धाडणार. दिवसरात्र ट्रक वाहतो तो रोड. पोरं एखादवेळ जातील. पोरी घरी बसतील आणि धाकटं भावंड सांभाळतील, हे आम्हा दोघींना स्वच्छ दिसत होतं. तिसरीतल्या गोदावरीची आई तर तोंडावर म्हणाली, "रोडपल्याड न्हाई धाडणार म्या. शाळा गेली तर गेली."

त्या दिवसांत मी बाईंना मोबाइलवर अमेरिकेतलाच एक व्हिडिओ दाखवला. शाळा बंद होणार म्हणून थंडीत पाट्या धरून उभ्या राहिलेल्या आया. बाईंनी चष्मा पुसला. "ही काय म्हणून राहिली?"

"म्हणते, माझ्या पोरीला पायी जाता येईल अशी शाळा राहू द्या."

बाईंनी व्हिडिओ परत पहिल्यापासून लावायला सांगितला. "बघ माय. हे काही भाऊनं सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या.

शाळेचा निकाल लावायला तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी गावात येणार होते. बाईंनी त्याच दिवशी मारुतीच्या पारावर चावडीवाचन ठेवलं. म्हणजे लेकरांनी पारावर बसून गावासमोर वाचून दाखवायचं. आणि स्वतः भाऊच्या दारात जाऊन त्याला आमंत्रण दिलं. "तुमची लेकरं बी आणा, भाऊ. पालकाला निवड पायजे ना? बघून निवडतील."

आमच्या गोदावरीनं त्या दिवसाचं वर्तमानपत्र घेतलं आणि मोंढ्यातल्या हळदीच्या बाजारभावाची बातमी वाचली, गुडघ्यावर थाप मारत, न अडखळता. भाऊच्या शाळेतल्या मुलानं इंग्रजी कविता घडाघडा म्हटली. टाळ्या पडल्या, बाईंनीही वाजवल्या. मग त्यांनी त्याच पुस्तकातलं पुढचं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. पोरगं तीच पाठ कविता परत म्हणायला लागलं.

बाईंनी पुस्तक मिटलं आणि त्याला जवळ ओढून घेतलं. "लेकराचा काय दोष. बस माज्यापाशी." मग वर्तमानपत्र भाऊपुढं केलं. "तुमीच वाचा आता. मराठीच हाय."

भाऊला वाटलं, अब्रू सावरायची संधी आली. पारावर ऐसपैस मांडी घालून त्यानं खणखणीत वाचायला घेतलं. कुठं अडलं नाही. पहिला पूर्णविराम आला आणि त्याचा हात गुडघ्यावर पडला. दुसरा आला, परत थाप. बायकांनी तोंडाला पदर लावले. त्याला काही कळेना, तो आपला वाचतोय आणि थाप मारतोय. बातमी संपली तेव्हा पारासमोर सगळे त्याच्या हाताकडे बघत होते.

"शाब्बास रे," बाई म्हणाल्या. इतका वेळ चाललेलं 'तुमी' गेलं होतं. "बराबर वाचलंस. कोंडवाड्यातच शिकलास ना?"

गाव पोट धरून हसलं. तालुक्याहून आलेल्या साहेबांना कुणीतरी थापेची गोष्ट सांगितली, तेही हसले. भाऊ स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. तो चेहरा मी जपून ठेवलाय. मन उदास झालं की आठवते आणि बरं वाटतं.

साहेबांनी अहवाल चांगला दिला आणि शाळा राहिली. जूनमध्ये बऱ्याच आयांनी आपली लेकरं परत आणून बसवली. मी म्हणाले, "आता सोडा की गाठ."

"त्यानं शब्द मागं घेतला का?"

शिक्षकदिनाला तो शाल, नारळ आणि फोटोवाला घेऊन त्यांच्या घरी आला. बाई म्हणाल्या, "मला नगं. शाळेच्या उंबऱ्यावर नारळ ठेव आन् चार माणसांत म्हण, कोंडवाडा म्हणलो ते चुकलं." तो नारळ घेऊन परत गेला.

बाई निवृत्त झाल्या आणि गेल्या हिवाळ्यात वारल्या. त्यांच्या सुनेनं कपाटातून ग्रामसभेतली ती साडी काढून माझ्या हातात दिली. गाठ तशीच होती. सून सोडायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला, आणि मग मला रडू आवरेना.

आता भाऊनं बाईंची श्रद्धांजली सभा ठेवली आहे. फ्लेक्सवर त्यांचा फोटो लहान, याचा मोठा. खाली लिहिलंय, आमच्या गुरुमाउली. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय, आणि ते दोन शब्दही त्यानंच लिहून धाडलेत. मी बरं म्हणाले.

त्याचा कागद घरी राहील. मी हा, आता लिहितेय तोच नेणार आहे. बाईंची ती साडी नेसून, खुर्ची मागून घेऊन, बसून वाचणार आहे, प्रत्येक पूर्णविरामाला गुडघ्यावर थाप मारत. समोर निम्मं गाव बाईंचंच असेल आणि तो पहिल्या रांगेत. त्यानं उठून शब्द मागं घेतला तर गाठ तिथंच सोडीन. कोंडवाडा म्हणला, एवढं वाचून झालं की मी जरा जास्त थांबणार आहे. कुणी माझ्या मागं लागलेलं नाही.