फावडं घरी गेलं आहे

ती पत्रकं अजून माझ्याकडे आहेत. दोनशे छापली होती. त्यातलं एक मी चिकटवलं आणि मीच नखांनी खरवडून काढलं. बाकीची वाटलीच गेली नाहीत. आजवर मी वडखळच्या नाक्यावर, पेणच्या एसटी स्टँडवर, तहसीलच्या पायऱ्यांवर किती पत्रकं वाटली त्याचा हिशोब नाही, पण ही न वाटल्याचं जेवढं हायसं वाटलं, तेवढं त्यातल्या एकाही पत्रकानं वाटलं नव्हतं.

मी खाडीकाठच्या गावची. आमच्याकडे बांध फुटतात, खारं पाणी भातात शिरतं, आणि दुरुस्तीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. त्या रागातून मी लिहायला शिकले. पत्रकाची एक शिस्त असते: वर ठळक आरोप, मध्ये मागण्या, खाली जमायची जागा आणि वेळ. त्यात शंका लिहायची नसते. "कदाचित" हा शब्द मी कित्येक वर्षांत कागदावर उतरवला नव्हता.

तर रोह्यात मिठागरांवर प्रदर्शन भरणार होतं. एका वाचनालयाच्या सभागृहात, महिनाभर. आयोजकांना जुनी अवजारं हवी होती आणि गावांतून ती गोळा करायला ओळखीचं माणूस हवं होतं. ते माणूस मी झाले. आमच्या लोकांच्या घामाची गोष्ट चार लोकांपुढे येईल म्हणून आनंदानं झाले. जाहिरातीवर खाली एका बाईंचं नाव होतं आणि नावापुढे "क्युरेटर". गावात कुणी विचारलं की मी सांगायचे, प्रदर्शन मांडणारी बाई. त्यावर एक काका म्हणाले, "म्हंजे टेबलं लावणारी?" मी म्हटलं, तसंच काहीतरी. मला तरी कुठे जास्त माहीत होतं!

सगळ्यात मोलाची वस्तू आत्याकडून मिळाली. माझी आत्या आणि तिचा नवरा दोघं मिठागरावर राबले. ते मिठागर बंद पडलं, पुढे काकाही गेले. राहिलं ते त्यांचं मीठ ओढायचं लाकडी फावडं. लांब दांडा, पुढे आडवी फळी, वाफ्यातलं मीठ त्यानं काठाला ओढायचं. आत्यानं ते माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवलं होतं. देताना तिनं एकच अट घातली.

"नवमीला घरी पायजे हां गो. पूजेला."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली अवजारं पुजतात. काका गेल्यापासून पूजेच्या पाटावर काकांच्या नावाचं म्हणून तेवढंच असायचं.

"आणते गो आत्या. माझ्यावर सोड."

सोडलं तिनं माझ्यावर. आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही, कुठेही लिहिलं नाही. दुसऱ्यांच्या चुका तारखेसकट लिहून ठेवणारी मी!

फावडं मळकट होतं, फळीवर पांढरे चट्टे होते. लोकांसमोर जायचं म्हणून मी ते घरी नेऊन नळाखाली घासलं, कपड्यांच्या साबणानं, आणि कडक उन्हात उभं केलं. चकचकीत झालं. रोह्याला पोचवलं तेव्हा मला शाबासकीची अपेक्षा होती.

बाई चाळिशीच्या असतील. चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी आधी माझ्या हातातलं बॉलपेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. "वस्तूजवळ शाई नको. लाकडात उतरली की कायमची." मग फावडं पांढऱ्या कापडावर आडवं ठेवून दहा मिनिटं नुसत्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, "हे धुतलंत?"

"हो. स्वच्छ."

"गोड्या पाण्यानं?"

"मग काय बिसलेरीनं?"

त्या हसल्या नाहीत. दांड्याजवळ फळीला बारीक भेग होती, तिथे त्यांनी बोट ठेवलं. "वर्षानुवर्षं मीठ प्यायलेलं लाकूड आहे. एकदम गोडं पाणी, वर ऊन. अंग सोडतं, तडकतं ते." आणि फॉर्मवर लिहिलं: भेग, दांड्यापासून चार बोटं, आणताना होती. खाली माझी सही घेतली. पेन्सिलीनं.

मला झोंबलं. आमचं लाकूड, आमचं मीठ, आणि ही मला शिकवणार? मी सरळ विचारलं, "तुमचं शिक्षण काय? वाफ्यात कधी उतरलात?"

"बी.एस्सी., केमिस्ट्री. धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये सात वर्षं शिफ्ट केली." आणि फॉर्मचं पान उलटलं.

कंपनीचं माणूस! माझ्या डोक्यात तिथल्या तिथे पत्रकाचा मथळा तयार झाला.

पुढचं भांडण पाटीवरून. फावड्याशेजारी लावायला मी मजकूर लिहून नेला होता. पिळवणूक, कोरडी आश्वासनं, फुटलेले बांध, सगळं त्यात होतं. त्यांनी पूर्ण वाचला, अगदी सावकाश, आणि उरवलं एवढंच: "मीठ ओढायचं फावडं. एका माणसानं तीस वर्षं वापरलेलं."

"पिळवणूक कुठे गेली?"

"मुठीची जागा बघा."

दांडा दोन ठिकाणी झिजून आत गेला होता, मनगटाएवढा बारीक. काचेच्या पेटीत त्यांनी दिवा नेमका त्या दोन जागांवर सोडला होता. बाकी फावडं अंधुक. उद्घाटनाला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं काचेबाहेरून आपले दोन हात त्या दोन जागांच्या अंतरावर धरून पाहिले. मी ते पाहिलं, पण राग सोडायची माझी तयारी नव्हती. पेटीला कुलूप होतं, वर "हात लावू नये" असं होतं, आणि तेवढं मला पुरेसं होतं.

नवमीच्या दोन दिवस आधी वडखळला मिनीडोर रिक्षाची वाट बघत उभी होते. समोर झेंडूचे ढीग. फुलवाल्या मावशीनं विचारलं, "अवजारांना हार नाय नेत गो?" फावडं! नाक्यावरच प्रदर्शनाचा फलक लावला होता. मुदत दसऱ्यानंतरच्या रविवारपर्यंत.

आता सरळ माणूस काय करेल? फोन करेल. बाई, असं असं आहे, एका दिवसासाठी फावडं द्या. मी फोन केला नाही. त्या नाही म्हणणार, नियम दाखवणार, फॉर्म दाखवणार, हे मी त्यांच्या वतीनं ठरवूनच टाकलं. खरं सांगायचं तर फोन केला असता तर हेही कबूल करावं लागलं असतं की अट मी कळवलीच नव्हती. आत्याला फोन करायची तर मला लाजच वाटली. त्यापेक्षा मी पेणच्या छापखान्यात गेले.

"आमची अवजारं काचेत, आम्ही वाऱ्यावर!" असा मथळा. खाली, पूजेचं फावडं अडवून ठेवणाऱ्या कंपनीधार्जिण्या क्युरेटरचा जाहीर निषेध. खाली, फावड्याला तडा जाऊ देणाऱ्या निष्काळजीपणाची चौकशी करा. हो, तेही लिहिलं. भेग आणतानाच होती हे माझ्या सहीनिशी नोंदलेलं असताना लिहिलं. दिव्यांच्या उष्णतेनं वाढली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

छापखानेवाला माझी पत्रकं पाठ म्हणून दाखवेल इतका जुना. चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाईंनी नाय म्हटलं का?"

"म्हणणारच आहेत."

"म्हंजे अजून विचारलं नायस."

"तुम्ही छापा हो."

छापली.

नवमीच्या सकाळी पेणहून गाडी पकडून रोह्याला गेले. पिशवीत गठ्ठा आणि खळीची डबी. सभागृहाच्या दारावर पहिलं पत्रक चिकटवलं आणि आत घुसले. शाळेच्या मुली रांगेनं बघत होत्या. मी थेट फावड्याच्या पेटीपाशी.

पेटी रिकामी.

"पळवलं!" मी ओरडले. "फावडं पळवलं मुंबईला!" एक मुलगी दचकून मागे सरली. तिकडून शिपाईकाका चहाचा कप घेऊन आले, अगदी निवांत.

"काय झालं ओ ताई?"

"फावडं कुठाय?"

"लिहिलंय की. वाचा तरी आधी."

पेटीत, जिथे फावडं असायचं त्या कापडावर, त्याच्या लांबीइतकी पेन्सिलीची फिकट रेघ होती आणि मधोमध एक पाटी:

"फावडं आज घरी गेलं आहे. खंडेनवमीची पूजा आहे. दसऱ्यानंतर परत येईल."

दिवा तसाच चालू होता. मुठीच्या दोन जागांवर, नुसत्या कापडावर, उजेडाचे दोन ठिपके.

मी बाकावर बसले. शिपाईकाका म्हणाले, बाई सकाळी सातला स्वतः टेम्पोत बसून घेऊन गेल्या. मी आत्याला फोन लावला.

"आत्या, फावडं आलं?"

"आलंय की. मघाशीच. तू कुठं हाईस?"

"रोह्याला."

"रोह्याला काय करतंस? पूजा हितं हाय!"

ती मागे कुणाला तरी सांगून हसत होती. मीही हसायला लागले, मग जरा रडलेही, आणि मग आठवलं, दारावर पत्रक! धावत गेले. खळ ओली होती म्हणून बरं. तरी मथळ्यातला "वाऱ्यावर" काही सुटेना, नखांनी एकेक अक्षर काढलं. एक शाळकरी मुलगी कंपासपेटीतली पट्टी पुढे करून म्हणाली, "हिनं निघेल." तिनं विचारलं नाही काय होतं ते. देव तिचं भलं करो.

गावी पोचायला दुपार झाली. आत्याच्या पडवीत पाटावर फावडं, कोयता, विळी, शिवणयंत्राची कात्री, सगळ्यांना हळदकुंकू, आणि फावड्याच्या दांड्याला झेंडूचा हार. शेजारी बाई मांडी घालून जेवत होत्या. आत्यानं त्यांना तिसऱ्यांदा भात वाढला असावा, कारण त्या ताटावर हात आडवा धरून बसल्या होत्या.

"आयलीस?" आत्या म्हणाली. "फावडं आलं तरी हिचा पत्ता नाय."

मी बाईंना विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी फॉर्म काढून दिला. वस्तूचं नाव, माप, भेग, माझी सही. आणि सगळ्यात खाली एक रकाना, जो मी सही करताना वाचलाच नव्हता: "घरी कधी लागते?" त्यापुढे त्यांच्या अक्षरात "खंडेनवमी, सकाळी नऊच्या आत", आणि त्यापुढे आत्याची वेडीवाकडी सही.

"तू फावडं नेल्यावर आठ दिसांनी ही आयलेली," आत्या म्हणाली. "सगल्या घरांना गेली. आमच्या हितं दोन तास बसली, फावडं कसं धरायचं ते ईचारीत."

"तू मला बोलली नाहीस?"

"तुला म्हाईत असंल असं वाटलं. तूच सांगून पाठवलीस असं मी धरून चालले."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ताटावरचा हात काढून आत्यापुढे ताट केलं. त्या क्षणी त्यांनी मला किती वाचवलं, हे त्यांना ठाऊक होतं.

जेवण झाल्यावर सांगितलं त्यांनी. हा रकाना कुठल्या अभ्यासक्रमातला नाही. लॅबमध्ये असतानाच त्या सुट्टीच्या दिवशी संग्रहालयाचा कोर्स करत होत्या, मग कितीतरी वर्षं एका संग्रहालयाच्या तळघरात पेट्या उघडून वस्तूंना नंबर बांधत होत्या. स्वतः मांडलेलं पहिलं प्रदर्शन वाद्यांचं. एका गावाचा ढोल आणला, पेटीत ठेवला, कुलूप लावलं, किल्ली घेऊन स्वतःच्या गावी गेल्या. त्याच आठवड्यात त्या गावात पालखी होती. "ढोलाविना निघाली. कुणी मला एक शब्द बोललं नाही. ढोल परत न्यायला गेले तेव्हा नुसता चहा दिला." त्यानंतर रकाना घातला.

मी विचारलं, या कामात सगळे असेच कुठून कुठून आलेले असतात का? म्हणाल्या, कुणी इतिहास शिकून येतं, कुणी चित्रकलेतून. त्यांच्याबरोबर एक जण बँकेतून आलेला होता, त्याच्याकडून कधी एक वस्तू हरवली नाही. एक शिवणक्लास घेणारी होती. जुन्या लुगड्याची घडी कुठे पडू द्यायची नाही हे तिच्याइतकं कुणाला कळायचं नाही. "आणि केमिस्ट्रीवाल्या बाईला खारं लाकूड कळतं," त्या म्हणाल्या. एवढाच त्यांचा टोमणा.

आता मला राहवेना. आत्याला म्हटलं, "भेग माझ्यामुळे पडली. मी धुतलं."

"साबणानं," आत्या म्हणाली. "वास येत व्हता. सकाली कापूर लावला तेवा कळलं." मग फळीवरून हात फिरवत, "तुझ्या काकानं पन एकदा धुतलेलं, लगीन झाल्यावर, मला दाखवायला. ही पलीकडची भेग त्याची."

खरंच होती. जुनी, काळी पडलेली, बोटभर लांब. बाईंनी लगेच पेन्सिल काढली.

दसऱ्यानंतर फावडं परत नेलं ते मी. टेम्पोत मांडीवर आडवं घेऊन, कापडात. पेटीत ठेवताना पाटीवर एक ओळ वाढली होती: "दोन भेगा. दोन्ही धुतल्यामुळे." रिकाम्या पेटीवरची पाटी मी मागून घेतली. ती माझ्याकडे आहे.

आणि पत्रकं? कागद चांगला होता, मागची बाजू कोरी होती. जाळायला निघाले तर आत्यानं अडवलं. आता पेणच्या बाजूला भाताच्या अवजारांचं प्रदर्शन मांडायचं चाललंय, थेट जिते गावापर्यंत फिरून वस्तू गोळा करायच्या आहेत. बाईंनी मला पुन्हा बोलावलं. मी घरोघरी जाते ती त्या कोऱ्या बाजूवर रकाने आखून. नाव, माप, भेगा. आणि पहिला प्रश्न, वस्तूला हात लावायच्याही आधी: हे तुम्हाला घरी कधी लागतं?

काल एका आजोबांनी उत्तर द्यायच्या आधी कागद उलटून मथळा वाचला आणि म्हणाले, "वाऱ्यावर कोन हाय गो?"

म्हटलं, "कुणी नाही आजोबा. तारीख सांगा."